भुंऽऽमिपुत्र विरुद्ध उपरे

कानाशी गुणगुण झाली, टाळी वाजली, डास खल्लास! पण थांबा. जो गेला तो इथलाच होता की बाहेरून आलेला? माहीत आहे का, डासांच्या जगातही ‘स्थानिक विरुद्ध परप्रांतीय’ असा जंगी सामना रंगलेला आहे आणि तो टीव्हीवरच्या कुठल्याही डिबेटपेक्षा जास्त रक्तरंजित आहे. रक्त अर्थात आपलंच!

जगात डासांच्या साडेतीन हजारांहून जास्त प्रजाती आहेत. बहुतेक बिचाऱ्या आपापल्या गल्लीत गुमान राहतात. मूठभरांनी मात्र ना पासपोर्ट, ना व्हिसा, थेट खंडच्या खंड पालथे घातले. तिथल्या मूळ डासांशी त्यांची जी जुंपली, तिचे हे काही झणझणीत किस्से.

पहिली ओळख हीरोची. किंवा व्हिलनची. तुम्ही कोण आहात त्यावर ते अवलंबून! काळाकुट्ट अंग, पायांवर पांढरे पट्टे, पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ. हा एडिस अल्बोपिक्टस, ऊर्फ एशियन टायगर मच्छर. पट्टे वाघाचे, वजन काही मिलिग्रॅमच.

माहीत आहे का, हा वाघ आयुष्यभरात जेमतेम काहीशे मीटर उडतो? दादर स्टेशनवरून निघाला तर शिवाजी पार्कसुद्धा गाठणार नाही. तरीही आज तो अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात हजर आहे. आणि हा सगळा प्रवास फुकटात!

तिकीट कुठलं? जुना टायर! टायर कसाही ठेवा, आत थोडं पाणी साचतंच. सावली आहे, पालापाचोळा आहे, मादीला आणखी काय हवं? ती पाण्याच्या जरा वर, आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. टायर जहाजात चढतो, समुद्र ओलांडतो, दुसऱ्या देशातल्या कुठल्यातरी यार्डात पडतो. पहिला पाऊस आला की अळ्या वळवळत बाहेर. वेलकम ड्रिंकसकट!

१९७९ साली तो युरोपात पहिल्यांदा अल्बानियात सापडला. १९८५ मध्ये अमेरिकेत, टेक्सासच्या ह्यूस्टनजवळ त्याची पक्की वस्ती दिसली. तिथल्या डासांची ‘जन्मकुंडली’ तपासली, तर ते थंडीत अंड्यातच झोपून राहणारे निघाले. म्हणजे मूळ गाव बहुधा उत्तर आशिया, जपानच्या बाजूचं. मग १९९० मध्ये इटलीतलं जेनोवा. तिथे टायर कुठून आले असतील? अमेरिकेतून! पाहुणा पाहुण्याच्या घरून पुढे पाहुणा गेला.

टायरचा कंटाळा आला की लकी बांबू आहेच. फेंगशुईवाले टेबलावर ठेवतात ना, तोच. २००१ मध्ये चीनहून कॅलिफोर्नियाला गेलेल्या लकी बांबूच्या कंटेनरांत हेच टायगर महाशय निघाले. लकी नक्की कोण, ते तुम्हीच ठरवा.

आणि आता अभिमानाची गोष्ट. म्हणजे, तशी काही अभिमानाची नाही. या डासाचं शास्त्रीय बारसं १८९४ साली झालं ते आपल्या कोलकात्याच्या नमुन्यांवरून! नाव ठेवणारे स्क्यूस नावाचे कीटकशास्त्रज्ञ. जगभर कुप्रसिद्ध झालेला हा उपरा आपल्याकडे मात्र अस्सल भूमिपुत्र आहे.

जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींची एक गाजलेली यादी आहे. टायगर तिच्यात आहेच, पण शेजारी कोण बसलंय, माहीत आहे का? आपली साळुंकी! आणि मुंगूसही. आपल्या अंगणातली मंडळी परदेशात जाऊन अशी नाव काढतात.

कोलकात्यात एक, फ्लोरिडात भलतंच!

आता प्रतिस्पर्धी. एडिस एजिप्ती, डेंग्यूचा डॉन. नावात इजिप्त, मूळ आफ्रिकेचं. आफ्रिकेच्या जंगलात याचे पूर्वज झाडांच्या ढोलीत वाढायचे आणि जनावरांना चावायचे. मग कोरड्या भागात माणसाने पाणी साठवायला सुरुवात केली आणि यांनी ढोली सोडून रांजण पकडला. रांजणाशेजारी झोपलेला माणूस हा बोनस!

गुलामांच्या व्यापाराच्या जहाजांतून, पाण्याच्या पिंपांतून हा अमेरिकेत पोचला. आशियाच्या बंदरांवर तो उतरला पुढे १९व्या शतकात. म्हणजे आपल्याकडे एजिप्ती परका आणि टायगर घरचा. अमेरिकेत दोघेही परके, पण एजिप्ती शेकडो वर्षं आधी येऊन ‘जुना रहिवासी’ झालेला.

बघा हं, इथे खरी गंमत आहे.

कोलकात्यात १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी पाहिलं, की आफ्रिकेचा एजिप्ती शहराच्या मध्यातून बाहेर पसरतोय आणि घरचा टायगर मागे हटतोय. आशियातल्या इतर मोठ्या शहरांतही थोडीफार हीच कहाणी. स्कोअर : परका १, घरचा ०.

फ्लोरिडात १९८६ मध्ये टायगर दाखल झाला. १९९४ पर्यंत राज्याच्या सगळ्या ६७ काउंटींत त्याचा झेंडा! आणि जुना रहिवासी एजिप्ती? बहुतेक गावांतून साफ. उरला तो मायामी, की वेस्ट अशा दाट वस्तीच्या बालेकिल्ल्यांत. बर्म्युडा बेटावर तर टायगर २००० साली आला आणि काही वर्षांतच एजिप्ती दिसेनासाच झाला.

तेच दोन खेळाडू, पिच बदललं आणि निकाल उलटा. कसं काय?

राउंड एक : मेस. दोघांच्याही अळ्या डबक्यातल्या सडक्या पानांवर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांवर जगतात. जेवण भरपूर असेल तर भांडण नाही. कमी पडलं की टायगरची अळी अर्धपोटीही वाढून डास होते, एजिप्तीची मागे पडते. झाडी, पालापाचोळा, उपनगर म्हणजे टायगरचं होम ग्राउंड.

राउंड दोन : ऊन. इथे एजिप्ती बॉस! त्याची अंडी कडक, कोरड्या उन्हाळ्यात टिकतात, टायगरची सुकून जातात. हे कुठे तपासलं, माहीत आहे का? फ्लोरिडाच्या कब्रस्तानांत! थडग्यांवरच्या फुलदाण्या म्हणजे एका मापाची, एका रांगेत मांडलेली शेकडो डबकी. शास्त्रज्ञांना असली फुकटची प्रयोगशाळा कोण देणार? उघड्या, उन्हाच्या कब्रस्तानांत एजिप्ती तगला, झाडांच्या सावलीतल्या ठिकाणी टायगरने मैदान मारलं. मेलेले शांत, फुलदाण्यांत मात्र हाणामारी.

राउंड तीन : घर. एजिप्तीला घरात राहायला आवडतं. पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. टायगरला बाग हवी, झुडूप हवं. काँक्रीटच्या शहरात बाग कुठली! कोलकाता कुणी आणि का जिंकलं, त्याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

राउंड चार मात्र फक्त प्रौढांसाठी.

चुकीच्या नवऱ्याचा तडाखा

टायगरचा नर प्रेमात फारसा चौकस नाही. एजिप्तीची मादी दिसली तरी तो तिच्याशी लग्न लावून मोकळा होतो. जात वेगळी, पोरं होणं शक्यच नाही. मग नुकसान काय?

नुकसान भयंकर आहे. नराच्या वीर्यातली प्रथिने मादीच्या शरीराला निरोप देतात : ‘लग्न झालं, दुकान बंद!’ मादी डास तसाही बहुधा एकदाच जोडीदार निवडते. निरोप मिळाला की ती स्वतःच्या जातीच्या नरालाही जवळ येऊ देत नाही. कायमची. अंडी घालते, पण फुटत एकही नाही. एका चुकीच्या डेटने पूर्ण वंशाची वाट!

उलट झालं तर? एजिप्तीचा नर आणि टायगरची मादी अशी जोडी जमली तर तिच्यावर हे कुलूप लागत नाही. म्हणजे शस्त्र एकाच बाजूकडे. ग्रीक पुराणातल्या रंगेल वनपुरुषांच्या नावावरून शास्त्रज्ञ याला ‘सॅटर इफेक्ट’ म्हणतात. पेपरात छापायला तसं जपूनच ठेवलेलं नाव!

पण एजिप्तीच्या पोरीही काही कच्च्या नाहीत. फ्लोरिडात व्हेरो बीच इथे डासांवर काम करणारी विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे. तिथल्या मंडळींनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की जिथे टायगर शेजारी राहतो तिथल्या एजिप्ती माद्या त्याला चटकन फसत नाहीत. जिथे टायगर कधी आलाच नाही, तिथल्या माद्या मात्र भोळ्या. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात दोघांना एकत्र ठेवलं, तर काही पिढ्यांतच माद्या शहाण्या झाल्या. डोळ्यांदेखत उत्क्रांती!

किंमत? अतिचोखंदळपणाची जी असते तीच. या शहाण्या माद्या स्वतःच्या जातीच्या नरालाही लवकर ‘हो’ म्हणत नाहीत. मॅट्रिमनी साइटवाल्यांनी नोंद घ्यावी.

हलला तो संपला

अमेरिकेचे खरे भूमिपुत्र कोण? पूर्वेकडच्या जंगलांत झाडांच्या ढोलीत राहणारा एडिस ट्रायसिरिएटस. टायगर आल्यावर हा संपणार, असंच सगळ्यांना वाटलं होतं. जेवणाच्या पंगतीत टायगर त्यालाही हरवतो. पण ढोलीत हा अजून ठाण मांडून आहे. का, माहीत आहे का?

बॉडीगार्डमुळे! ढोलीत कोरेथ्रेला नावाच्या छोट्या माशीच्या अळ्या दबा धरून बसलेल्या असतात. समोर काही हललं की गट्टम. स्थानिक डासाची अळी या शिकाऱ्याचा नुसता वास पाण्यात लागला तरी गप्प, निश्चल. टायगरची अळी म्हणजे बाई वर्गात आल्या तरी बडबडत राहणारं पोरगं. तिचं वळवळणं, चरणं चालूच. मग काय, बाईंचा पहिला हात तिच्यावरच! शिकारी टायगरला जास्त खातो, म्हणून स्थानिकाला जागा उरते. टायरमध्ये आणि फुलदाणीत हे बॉडीगार्ड कमीच असतात, म्हणून तिथे टायगरची चैन.

दुसरा गार्ड आणखी भारी आहे. टॉक्सोरिंकायटिस! हा स्वतः डासच, पण आकाराने राक्षस, अंगावर मोरपंखी चमक, सोंड खाली वळलेली. आणि, थांबा, थांबा, हा चावत नाही. मादीसुद्धा नाही! मोठेपणी फक्त फुलांचा मध. मग एवढं अंग कशावर पोसलं? लहानपणी दुसऱ्या डासांच्या अळ्यांवर, शेकड्यांनी! कोषात जाण्याआधी तर याला वेड लागतं. भूक नसतानाही समोर येईल ती अळी मारून टाकतो, खात नाही, नुसती मारतो. या खानदानाची एक शाखा भारतातही राहते. असला मोठा, चमचमता डास दिसला तर रॅकेट जरा खाली ठेवा.

खडकातल्या भूमिपुत्राची दर्दभरी (आणि थोडी विनोदी) कथा : एडिस अट्रोपाल्पस. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या नद्यांच्या कातळांतल्या खळग्यांत राहणारा. याची मादी अंड्यांची पहिली बॅच रक्ताचा एक थेंबही न पिता घालते. सेल्फ-स्टार्ट मॉडेल! पण १९९८ मध्ये अमेरिकेत जपानचा एडिस जपोनिकस सापडला आणि पुढे ठिकठिकाणी त्याने या खळग्यांचा ताबा घेतला. बिचारा अट्रोपाल्पस बेघर? छे! तो १९९६ मध्येच टायरमध्ये बसून इटलीला पोचला होता. घरी हरलेला, परदेशात घुसखोर.

फिट्टंफाट!

आता सरळ विदर्भात चला. अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर, इंग्रजांच्या कागदांतलं एलिचपूर. तिथे ग्लेन लिस्टन नावाचे लष्करी सेवेतले डॉक्टर डासांच्या मागे लागले होते. १९०१ मध्ये त्यांनी तिथल्या एका मलेरियावाहक डासाची जगाला ओळख करून दिली : ॲनाफिलिस स्टीफेन्साय. नाव स्टीफेन्स या ब्रिटिश संशोधकाचं, गाव आपलं! हेच लिस्टन पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत गेले आणि प्लेगमागचा उंदरावरच्या पिसवांचा हात पक्का करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. कीटकांशी वैर घेतलं ते जन्मभराचं.

स्टीफेन्साय हा पक्का शहरी. बहुतेक मलेरियावाले डास खेड्यातलं पाणी, पावसाची डबकी शोधतात. याला गच्चीवरची टाकी, विहीर, बांधकामावरचा हौद चालतो. मुंबईत एके काळी विहिरी झाका, बुजवा म्हणून जो धोशा लागला होता, तो याच्याच नावाने. आजही गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसलंय का हे बघायला पालिकेचा माणूस जिने चढून येतो, तो याच्याच शोधात.

२०१२ मध्ये हा गडी आफ्रिकेत, जिबूती देशात सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे रुग्ण किती नोंदले होते, माहीत आहे का? २७. फक्त सत्तावीस! २०२० साली? ७३ हजारांहून जास्त. वाचून हसू मावळतंच.

मग इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया. श्रीलंकेला २०१६ मध्ये ‘मलेरियामुक्त’ असं प्रमाणपत्र मिळालं आणि लगेच पाठोपाठ मन्नारमध्ये हे महाशय हजर. एका अभ्यासाने २०२० मध्ये मांडलेला हिशेब असा : हा आफ्रिकाभर पसरला तर शहरांतले १२ कोटी ६० लाख जादा लोक मलेरियाच्या टप्प्यात येतील.

आणि आफ्रिकेचे स्थानिक मलेरियावीर? ॲनाफिलिस गॅम्बीची टोळी? त्यांच्याशी याची मारामारी फारशी झालीच नाही. ते पावसाळी, गावाकडचे. हा बारमाही, शहरातला. एकाची शिफ्ट संपते तिथे दुसऱ्याची सुरू. आपल्या दृष्टीने यापेक्षा ते एकमेकांशी भांडले असते तर बरं झालं असतं!

आता हिशेब जुळवा. आफ्रिकेने आपल्याला डेंग्यूवाला एजिप्ती दिला. आपण आफ्रिकेला मलेरियावाला स्टीफेन्साय दिला. फिट्टंफाट! इथिओपियाच्या गावांत तर दोघांच्या अळ्या एकाच टाकीत पोहताना सापडतात. एक्स्चेंज ऑफर, एकाच काउंटरवर.

चला, काही झटपट!

१९६२ पर्यंत अमेरिका खंडातल्या १८ देशांनी एजिप्तीला पार हद्दपार केलं होतं. घराघरांत शोध, डीडीटी, कडक शिस्त. मग सगळे जरा सैलावले. पाहुणा परत आला, सामानासकट.

२००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर चिकुनगुनियाने सुमारे एक तृतीयांश लोकांना लोळवलं. तिथे एजिप्ती जवळपास नाहीच, टायगर भरपूर. विषाणूने काय केलं? आपल्या एका प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललं आणि टायगरमध्ये फिट्ट बसला. ड्रायव्हर मिळत नाही म्हणून थांबला नाही, किल्लीच नवी घडवली.

२००७ मध्ये भारतातून गेलेल्या एका पाहुण्यासोबत चिकुनगुनिया इटलीच्या कास्तिलियोने दि चेर्विया या गावात उतरला. टायगर तिथे १९९० च्या दशकापासून वाट बघतच होता. दोनशेहून जास्त आजारी. पाहुण्याला कल्पनाही नव्हती.

त्याच वर्षी केरळात टायगरने चिकुनगुनिया फिरवला तो रबराच्या मळ्यांत. चीक गोळा करायला झाडाला बांधलेल्या वाट्या असतात ना? पावसात प्रत्येक वाटी म्हणजे एक मॅटर्निटी होम! हजारो झाडं, हजारो वाट्या.

ऑक्टोबर २०२५ पर्यंत आइसलँडच्या निसर्गात एकही डास नव्हता. मग एका कीटकप्रेमीने पतंग पकडायला रेड वाइनमध्ये बुडवलेली दोरी टांगली आणि त्यावर तीन डास येऊन बसले. दोन माद्या, एक नर. प्रतिस्पर्धी शून्य, वाइन फ्री!

आता हवाई. पहिलं आश्चर्य : तिथे मूळचा एकही डास नव्हता. १८२६ च्या सुमारास जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून क्यूलेक्स डास माउई बेटावर उतरला. अडवायला कुणी स्थानिक नाहीच, वॉकओव्हर! पुढे पक्ष्यांचा मलेरियाही आला. लालभडक ‘इइवी’सारखे तिथले मधखाऊ पक्षी या रोगापुढे हतबल. एके काळी त्यांच्या पन्नासहून जास्त जाती होत्या, उरल्या १७.

मग तोडगा काय? डासांवर डास सोडायचे! प्रयोगशाळेत वाढवलेल्या क्यूलेक्स नरांच्या पोटी वोल्बाकिया नावाचे असे जिवाणू घातले, की त्यांच्याशी जोडी जमवणाऱ्या जंगली मादीची अंडी फुटतच नाहीत. आणि तो जिवाणू उसना कुणाकडून आणला, माहीत आहे का? आपल्या टायगरकडून! चुकीच्या नवऱ्याचा धंदा त्याला आधीपासूनच ठाऊक.

२०२३ पासून हेलिकॉप्टरने आणि २०२५ पासून ड्रोननेही दर आठवड्याला असे लाखो डास जंगलावर टाकले जातात. कुजून जाणाऱ्या छोट्या डब्या, एकेका डबीत साधारण हजार. आकाशातून डासांचा पाऊस! खाली फिरणाऱ्या पर्यटकाला यातले किती चावतात? शून्य. सगळे नर!